प्रतिसंस्कार : वैद्यकातील आढावे आणि त्यांची निगा

चरकसंहिता आज ज्या रूपात आपल्या हाती आहे, ते एका लेखणीचे काम नव्हे हे सर्वज्ञात आहे. पुनर्वसु आत्रेयांनी शिकवले, अग्निवेशाने तंत्र रचले, चरकाने त्यावर संस्कार केले आणि पुढे दृढबलाने १२० अध्यायांपैकी न सापडणारे ४१ अध्याय इतर तंत्रांच्या आधाराने पुरे केले. परंपरेने या कामाला 'प्रतिसंस्कार' असे नाव दिले. ग्रंथाच्या अखेरच्या भागात संस्कर्त्याचे कर्तव्यही सांगितले आहे. भर घालणे आणि काटछाट करणे या दोन्ही क्रिया त्यात येतात. हेतू मात्र एकच, जुन्या झालेल्या तंत्राला पुन्हा वापरण्याजोगे करणे. साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष अशा ठिकाणी साहजिकच पाठभेदांकडे जाते. परंतु त्यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. वैद्यकातील ग्रंथ जुना होतो म्हणजे नेमके काय होते, आणि त्याला नवा ठेवण्याचे काम कोणी करायचे?

ग्रंथ जुने होणे आपल्याला अपरिचित नाही. केतकरांचा ज्ञानकोश १९२० च्या दशकात प्रसिद्ध झाला. आज तो उघडणारा वाचक बहुधा एखाद्या विषयाची अद्ययावत माहिती शोधत नसतो. त्या काळाला काय ठाऊक होते हे त्याला पाहायचे असते. कोश जुना झाला म्हणून कोणाचे प्राण जात नाहीत, उलट त्याला एक वेगळे, ऐतिहासिक मूल्य प्राप्त होते. वैद्यकातील जुन्या निष्कर्षाच्या नशिबी हा मान नसतो. तो जुना झाल्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही, तर त्याच्या आधाराने रुग्णावर उपचार होत राहतात. प्रस्तुत लेखात आम्ही अशा एका निष्कर्षाचा इतिहास पाहणार आहोत. तो एका इंजेक्शनाविषयीचा आहे, आणि त्याची वाट न्यूझीलंडमधून ऑक्सफर्डमार्गे नागपूर-बेळगावपर्यंत येते.

प्रथम शब्दाचा खुलासा. इंग्रजीत ज्याला 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' म्हणतात, त्याला आम्ही 'पद्धतशीर आढावा' म्हणू. एखाद्या उपचाराविषयी जगात झालेल्या सर्व चाचण्या, मग त्या अनुकूल असोत वा प्रतिकूल, आधी ठरवून जाहीर केलेल्या रीतीने शोधायच्या, प्रत्येकीचा दर्जा तपासायचा आणि शक्य असल्यास त्यांची आकडेवारी एकत्र करून निष्कर्ष काढायचा, असे त्याचे स्वरूप असते. चाचणी म्हणजे येथे मुख्यतः ती, जिच्यात चिठ्ठ्या टाकाव्यात तशा योगायोगाने रुग्णांचे दोन गट पाडले जातात आणि एका गटाला औषध देऊन दुसऱ्याशी तुलना केली जाते. आवडलेली चार संशोधने निवडून लिहिलेला विद्वत्तापूर्ण लेख आणि असा आढावा यांत साधारण तेवढेच अंतर असते, जेवढे आवडत्या अभंगांच्या संग्रहात आणि सर्व हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या गाथेत असते.

या कल्पनेला ज्यांचे नाव चिकटले, ते आर्ची कॉक्रन (१९०९–१९८८) स्कॉटलंडमध्ये जन्मले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, ते क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडले आणि पुढे युद्धकैद्यांच्या छावण्यांत डॉक्टर म्हणून काम करीत राहिले. सालोनिकाच्या छावणीत अंगावर सूज आलेल्या वीस कैद्यांचे दोन गट करून त्यांनी यीस्टचा उपयोग होतो का, हे पाहिले. औषधे जवळजवळ नव्हतीच. आणि जी असत त्यांचा उपयोग होतो की नाही हे खात्रीने सांगता येत नसे. हा अनुभव त्यांच्या पुढील साऱ्या विचारामागे आहे. १९७२ साली त्यांचे 'इफेक्टिव्हनेस अँड एफिशियन्सी' हे छोटे पुस्तक आले. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्यांचा १९७९ चा एक लेख. त्यात त्यांनी आपल्याच व्यवसायाला दोष दिला. सर्व चाचण्यांचे चिकित्सक सार डॉक्टरांनी तयार केलेले नाही, ते प्रत्येक शाखेनुसार व्हायला हवे आणि ठरावीक काळाने ते सुधारले जायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. यांतील शेवटची अट वरवर पाहता किरकोळ वाटते. सार एकदा झाले की मुख्य काम संपले, उरली ती डागडुजी, असे कोणालाही वाटेल. पुढच्या चार दशकांचा इतिहास वेगळेच सांगतो.

आता त्या इंजेक्शनाकडे वळू. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमधील ग्रॅहम लिगिन्स हे प्रसूतीची कळ नेमकी कशाने सुरू होते याचा शोध घेत मेंढ्यांवर प्रयोग करीत होते. गर्भातील कोकरांना स्टेरॉइड दिल्यावर ती दिवस भरण्याआधीच जन्मत. अशा कोकरांनी श्वास घेण्याची फारशी आशा नसताना त्यांतील एक अपेक्षेपेक्षा अधिक काळ जगले, आणि त्याची फुप्फुसे काही प्रमाणात हवेने फुललेली आढळली. लिगिन्स यांनी शोधायला घेतलेला प्रश्न बाजूला राहिला आणि दुसरा समोर आला. अपुऱ्या दिवसांची मानवी बालके दगावतात ती बहुधा फुप्फुसे तयार नसल्यामुळे. मग आईला प्रसूतीपूर्वी हेच औषध दिले तर? बालरोगतज्ज्ञ रॉस हाउई यांच्यासह त्यांनी २८२ मातांवर चाचणी घेतली आणि १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांची प्रसूती अकाली आपसूक झाली अशा मातांच्या बालकांत, जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत दगावण्याचे प्रमाण औषध न मिळालेल्या गटात १५ टक्के होते, तर औषध मिळालेल्या गटात ३.२ टक्के.

औषध स्वस्त, उपचार थोडक्या दिवसांचा. असे असता तो जगभर पसरायला हवा होता. तसे झाले नाही. पुढच्या दहा वर्षांत आणखी सहा चाचण्यांचे अहवाल आले. त्यांतील बहुतेक लहान होत्या, आणि एकेकटीकडे पाहिले तर 'फायदा दिसतो, पण खात्री देता येत नाही' एवढेच त्या सांगत. डॉक्टरांनी एखादी वाचली, एखादी वाचली नाही. एकीने आशा लावली, दुसरीने संशय वाढवला. सर्व एकत्र मांडून पाहण्याचे काम पॅट्रिशिया क्रॉली, इयन चामर्स आणि मार्क कीर्स यांनी केले, आणि तसा आढावा १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने हा उपचार सरसकट शिफारस करण्याजोगा ठरवला तो १९९४ साली. पहिल्या चाचणीला तोवर बावीस वर्षे झाली होती.

कॉक्रन यांच्या नावाने १९९३ साली स्थापन झालेल्या संस्थेचे बोधचिन्ह या कथेवरच बेतलेले आहे. वर्तुळाच्या आत सात आडव्या रेषा, मधोमध एक उभी रेषा, तळाशी एक लहानसा चौकोनी हिरा. प्रत्येक आडवी रेषा म्हणजे एक चाचणी. रेषा जितकी लांब तितकी अनिश्चितता अधिक. उभी रेषा म्हणजे 'औषधाने काही फरक पडत नाही' ही सीमा. बहुतेक आडव्या रेषा तिला स्पर्श करतात. पण सातही चाचण्यांचे सार दाखवणारा हिरा मात्र तिच्यापासून स्वच्छ अलग, डावीकडे, औषधाच्या बाजूला उभा आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी हे चित्र कोणीही काढू शकले असते. ते वेळेवर काढले न गेल्याने हजारोंच्या, कदाचित दहा-दहा हजारांच्या संख्येने अपुऱ्या दिवसांची बालके विनाकारण दगावली, असा या संस्थेचा स्वतःचा अंदाज आहे. एखाद्या संस्थेने आपल्या व्यवसायाच्या हयगयीलाच आपले चिन्ह बनवावे, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

पण हा झाला कथेचा पूर्वार्ध, आणि सांगितला जातो तोही बहुधा एवढाच. उत्तरार्ध निगेचा आहे.

चामर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये गर्भारपण व बाळंतपणातील उपचारांविषयीचे सारे आढावे दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केले. खंड छापले जात असतानाच नव्या चाचण्या येत होत्या, याची संपादकांना पुरेपूर जाणीव होती. म्हणून खंडांच्या जोडीला त्यांनी तीच सामग्री संगणकाच्या डिस्कवर देण्याची व्यवस्था केली, जेणेकरून ती वरचेवर सुधारता येईल. पुस्तकाला आवृत्ती असते. दोन आवृत्त्यांमधील काळात ते स्तब्ध असते. डिस्कवरील मजकुराला ती सक्ती नव्हती. १९९२ साली ऑक्सफर्डमध्ये कॉक्रन सेंटर सुरू झाले, पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि आढाव्यांचा मोठा संग्रह आकाराला आला. आढावा लिहिणाऱ्याने तो सांभाळायचाही, साधारण दर दोन वर्षांनी तपासायचा, असा दंडक पडला. लेखकत्वाची ही कल्पना आपल्याला जरा अनोळखी आहे. येथे लेखकाने ग्रंथ 'सिद्धीस नेऊन' बाजूला व्हायचे नसते.

दंडक पाळणे मात्र अवघड निघाले. कॅनडातील शोजानिया आणि सहकाऱ्यांनी २००७ साली शंभर आढाव्यांची एक पाहणी प्रसिद्ध केली. निष्कर्षाला धक्का देणारा नवा पुरावा येईपर्यंतचा काळ त्यांनी एखाद्याचे आयुष्य मोजावे तसा मोजला. तो मध्यमानाने साडेपाच वर्षे निघाला. पण २३ टक्के आढावे दोन वर्षांच्या आतच जुने झाले होते, आणि ७ टक्के तर प्रसिद्ध झाले त्या दिवशीच जुने होते. कारण चाचण्यांचा शोध संपवणे आणि लेख छापून येणे यांमधील काळात जग थांबलेले नव्हते. सर्वच आढावे सारख्या वेगाने जुने होत नाहीत, हेही यातून दिसले. काहींना दहा वर्षे हात लावण्याची गरज नसते, काहींना वर्षही पुरत नाही. म्हणून पुढे सरसकट दोन वर्षांचा नियम मागे पडला आणि आधी तीन प्रश्न विचारावेत असा विचार पुढे आला : हा प्रश्न अजून कोणाला महत्त्वाचा वाटतो का? नवा पुरावा आला आहे का? आणि तो आला असल्यास निष्कर्ष बदलण्याचा संभव आहे का?

निगा न राखण्याची किंमत केवळ उपचार न मिळालेल्या रुग्णांनाच मोजावी लागते असे नाही. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजची कथा या संदर्भात बोलकी आहे. १९५९ ते १९८८ या काळात या औषधाच्या ३३ चाचण्या झाल्या. १९९२ साली लाउ आणि सहकाऱ्यांनी त्या कालक्रमाने, एकीत दुसरी मिळवीत मांडल्या. १९७३ पर्यंतच्या आठ चाचण्यांत, म्हणजे २,४३२ रुग्णांतच, औषध जीव वाचवते हे आकड्यांनी सिद्ध झाले होते. उरलेल्या २५ चाचण्यांत आणखी ३४,५४२ रुग्ण घेतले गेले, आणि साहजिकच त्यांतील मोठ्या वाट्याला औषध मिळाले नाही. चालता आढावा कोणाच्या टेबलावर असता तर त्यांच्यापैकी कितीजणांना असे दुसऱ्या गटात टाकण्याची गरज उरली असती?

येथवर अद्ययावत ठेवणे म्हणजे भर घालणे, असाच ग्रह होईल. पण संस्कर्त्याला काटछाटही करावी लागते. स्टेरॉइडच्या आढाव्याचीच आकडेवारी पाहा. २००६ च्या आवृत्तीत २१ चाचण्या होत्या, २०१७ मध्ये ३०. डिसेंबर २०२० च्या आवृत्तीत ही संख्या वाढायला हवी होती. ती २७ झाली. नव्या चाचण्या तर आल्याच होत्या. पण मधल्या काळात वैद्यकातील संशयास्पद, क्वचित बनावटही, संशोधनाचा प्रश्न ऐरणीवर आला होता, आणि विश्वासार्हतेचे निकष लावल्यावर पूर्वी स्वीकारलेल्या सहा चाचण्या संपादकांनी बाहेर काढल्या. तरीही आढाव्यातील मातांची संख्या ७,७७४ वरून ११,२७२ वर गेली. पाठचिकित्सा करणाऱ्याला ही क्रिया अगदी ओळखीची वाटेल. प्रक्षिप्त ठरलेला अभंग गाथेतून काढल्याने गाथा लहान होते, पण अधिक त्या कवीची होते.

वाचकही कधी संस्कर्त्याला जागे करतो. इन्फ्लुएंझावरील टॅमिफ्लू या औषधाच्या कॉक्रन आढाव्यावर २००९ साली केइजी हायाशी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी एक शंका पाठवली. या औषधाने न्यूमोनियासारखी गुंतागुंत टळते हा निष्कर्ष ज्या एका लेखावर आधारलेला होता, त्यात दहा चाचण्यांची बेरीज होती. पण त्यांपैकी फक्त दोन प्रसिद्ध झालेल्या होत्या. उरलेल्या आठ कोणी पाहिल्या? आढावा करणाऱ्यांनी शंका झटकली नाही. त्यांनी मूळ अहवाल मागितले, ते मिळवण्यासाठी काही वर्षे झगडले, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध लेखांऐवजी संपूर्ण चाचणी-अहवालांवर आधारलेला नवा आढावा प्रसिद्ध केला. गुंतागुंत टळण्याविषयीचा आधीचा विश्वास त्यात टिकला नाही. लक्षणे साधारण अर्ध्या दिवसाने कमी होतात, एवढा लाभ उरला. तोवर अनेक देशांच्या सरकारांनी या औषधाचे साठे करून ठेवले होते.

तिसरी क्रिया भर घालण्याची नाही आणि काटछाटीचीही नाही. ती मूळ प्रश्नच पुन्हा विचारण्याची आहे. प्रसूतीपूर्व स्टेरॉइडचा निष्कर्ष जगातील सर्वांत पक्क्या निष्कर्षांत गणला जात होता. पण त्यामागील चाचण्या बहुतांशी सधन देशांतील सुसज्ज रुग्णालयांत झाल्या होत्या. तेथे सोनोग्राफीने गर्भाचे दिवस ठाऊक होते, जन्मलेल्या बाळासाठी अतिदक्षता कक्ष होता, संसर्ग ओळखण्याची सोय होती. यांपैकी काहीच धड नसेल तर? सहा देशांत घेतलेल्या आणि २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने हा प्रश्न विचारला. भारतातील तिची केंद्रे होती बेळगाव आणि नागपूर. सुमारे एक लाख बालकांचे जन्म तिच्यात नोंदले गेले. गावपातळीपर्यंत हे औषध पोहोचवल्याने सर्वांत लहान बालकांचे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट, एकूण बालकांचा विचार करता औषधाचा प्रसार केलेल्या भागांत दर हजारी साडेतीन मृत्यू अधिक झाले, आणि मातांमधील संशयित संसर्गही वाढला. गर्भाचे दिवस अंदाजाने ठरवावे लागत असल्याने, प्रत्यक्षात दिवस पुरे भरलेल्या अनेक बालकांच्या मातांनाही औषध दिले गेले होते.

अशा वेळी दोन सोपे मार्ग समोर असतात : जुना निष्कर्ष आंधळेपणाने कवटाळणे, किंवा तो पाश्चात्त्यांचा म्हणून फेकून देणे. जागतिक आरोग्य संघटनेने तिसरा, कष्टाचा मार्ग घेतला. बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तान या देशांतील २९ रुग्णालयांत, सोनोग्राफीने गर्भाचे दिवस पक्के करून, २,८५२ मातांवर नवी चाचणी घेण्यात आली. २०२० साली तिचे उत्तर आले. औषध मिळालेल्या गटात नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण १९.६ टक्के होते, तर न मिळालेल्या गटात २३.५ टक्के; मातांमधील संसर्ग वाढला नाही. म्हणजे जुना निष्कर्ष खोटा नव्हता, त्याच्या सीमा लिहिलेल्या नव्हत्या. दिवसांची खात्री असेल आणि बाळाची काळजी घेण्याची सोय असेल तर हे औषध आपल्याकडेही तारते. ते नसेल तर मारूही शकते. २०२० च्या आढाव्यात कमी वा मध्यम साधनांच्या परिस्थितीत झालेल्या दहा चाचण्या आहेत. १९८९ च्या निष्कर्षात भर पडली ती या 'कोठे' आणि 'कोणासाठी' या दोन शब्दांची, आणि आमच्या मते ती त्यातील सर्वांत मोठी सुधारणा आहे.

हे काम करतो कोण? या आढाव्याचे कर्ते क्रॉलींपासून रॉबर्ट्स व डॅल्झिएल यांच्याकडे आणि पुढे मॅकगोल्डरिक व सहकाऱ्यांकडे असे बदलत गेले आहेत. डॅल्झिएल हे ऑकलंडचेच. लिगिन्स यांच्या चाचणीतील बालके तिशीला पोचल्यावर त्यांना पुन्हा शोधून, औषधाचा त्यांच्या हृदयावर काही दूरगामी परिणाम झाला का हे त्यांनी सहकाऱ्यांसह तपासले होते. चिंता करण्याजोगा फरक आढळला नाही. अग्निवेश, चरक, दृढबल या मालिकेशी हे हस्तांतर ताडून पाहावेसे वाटते. परंतु आपल्या काळातील विद्येच्या व्यवहारात नव्या शोधाला जी प्रतिष्ठा आहे, ती प्रतिसंस्काराला नाही. पहिला आढावा नाव मिळवून देतो. त्याची सहावी आवृत्ती फक्त वेळ खाते.

२०१४ साली इलियट आणि सहकाऱ्यांनी 'जिवंत आढावा' ही कल्पना मांडली : नवा पुरावा येताच तो आत घेणारा, सतत चालू असणारा आढावा. कोविडच्या साथीत तिची कसोटी लागली. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीने डेक्सामेथासोन या जुन्या स्टेरॉइडचा लाभ दाखवला आणि सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची त्यावरची, सतत सुधारली जाणारी मार्गदर्शिका आली. ऑकलंडच्या निष्कर्षाला जिथे बावीस वर्षे लागली, तिथे हे तीन महिन्यांत घडले. म्हणजे वेग अशक्य नाही. त्यासाठी माणसे आणि पैसा लागतो. साथ ओसरल्यावर मात्र उलट चित्र दिसले. ब्रिटनमधील कॉक्रनच्या संपादक गटांना तेथील राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेकडून मिळणारे अनुदान मार्च २०२३ मध्ये संपले. स्टेरॉइडचा आढावा सांभाळणारा, लिव्हरपूलचा गर्भारपण व बाळंतपण गटही त्यांतलाच. नवी चाचणी घेण्यास पैसा देणारे भेटतात. झालेल्या चाचण्यांची जुळणी राखण्यास देणारे क्वचित.

साहित्याच्या क्षेत्रात आम्ही रोज हेच पाहतो. नवा ग्रंथ प्रकाशित होतो तेव्हा समारंभ होतो. जुन्या सूचीत भर घालणाऱ्याचे, शब्दकोशाची पुरवणी करणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर येत नाही. आपल्याकडे त्यामुळे फार तर एखादी सूची अपुरी राहते. वैद्यकात त्याची मोजणी वेगळ्या एककात करावी लागते. तेव्हा वाचकांना एक साधी सूचना करावीशी वाटते. वैद्यकातील एखाद्या आढाव्याचा दाखला कोणी दिला, वृत्तपत्राने दिला, डॉक्टरांनी दिला, तर निष्कर्षाआधी त्यातील एक ओळ शोधावी. चाचण्यांचा शोध अमुक तारखेपर्यंत घेतला, अशी ती ओळ असते. ती तारीख जुनी असली म्हणजे निष्कर्ष चुकीचा ठरतो असे नाही. पण त्या तारखेनंतर कोणी पाहिले आहे का, आणि त्या चाचण्या कोणत्या देशांत, कोणत्या रुग्णालयांत झाल्या, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होतो.